माल एकच, आकडे दोन

प्रश्न : मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. प्रकल्पासाठी एकमेकांपासून दूर असलेल्या दोन देशांमधल्या वस्तुव्यापाराचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’ संग्रहातून काढले. एकाने दाखवलेली निर्यात आणि दुसऱ्याने त्याच वर्षी त्याच देशाकडून दाखवलेली आयात यांचा मेळच बसत नाही. माल तर तोच. मग दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय, असा निष्कर्ष काढू का?

उत्तर : इतक्यात नको. माझी उमेदीची वर्षं आयात-निर्यातीची कागदपत्रं तयार करण्यात गेली. हे आकडे सीमाशुल्क खात्याच्या ज्या अर्जातून निघतात, तो मी रोज भरला आहे. दोन्ही टोकांना सचोटीची माणसं बसली असली, तरी बेरीज वेगळी येऊ शकते.

ब्राझीलहून लोहखनिज भरून चीनला निघालेलं एक जहाज घ्या. ब्राझीलने किंमत नोंदवली ती एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची. चीनने नोंदवली ती सीआयएफ, म्हणजे समुद्रभाडं आणि विमा धरून. बहुतेक देश असंच करतात, म्हणूनच साऱ्या जगाची आयात कागदावर जगाच्या निर्यातीपेक्षा जास्त भरते. हा फरक मालागणिक बदलतो. खनिज वजनाला भारी आणि दराला हलकं, त्यामुळे त्यात भाड्याचा वाटा मोठा. विमानाने गेलेल्या संगणकाच्या चिप्समध्ये तोच वाटा जेमतेम जाणवतो. म्हणून आयातीतून सरसकट ठरावीक टक्के वजा करून आकडे जुळवायची पद्धत मला पटत नाही. अमेरिका तर आयातीचे दोन्ही आकडे छापते, भाड्या-विम्यासह आणि त्याशिवाय. तुमच्या हाती कोणता लागलाय, ते आधी पाहा.

वेळेचाही हिशेब असतो. हे जहाज डिसेंबरअखेर सुटलं, तर पोचायला महिन्याहून जास्त लागतो. निर्यात एका वर्षात पडते, आयात पुढच्या. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा आशिया-युरोप मार्गावरची कितीतरी जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपच्या वळशाने जाऊ लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. त्या महिन्यांचे आकडे ताडताना हे ध्यानात ठेवावंच लागतं.

पण सगळ्यात मोठा घोळ होतो तो ‘देश’ या रकान्यात. माझ्या टेबलावर कागद यायचे ते असे : इनव्हॉइस एका देशातल्या व्यापाऱ्याच्या नावावर, माल उतरणार भलत्याच देशातल्या बंदरात, आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, माल घेणाऱ्याच्या जागी नुसतं ‘टू ऑर्डर’. म्हणजे ते मूळ बिल मागे सही-शिक्का होऊन ज्याच्या हाती जाईल, माल त्याचा. माल शेवटी कुठे जाणार, असं निर्यातदाराला विचारलं, की तो बंदराचंच नाव सांगायचा. त्याला पुढचं खरोखर ठाऊक नसायचं. अर्जातला रकाना तर रिकामा ठेवता येत नाही. मग बंदराचा देश तोच शेवटचा देश, असं धरून अर्ज पुढे जायचा. कच्च्या तेलाचा माल तर जहाज वाटेत असतानाच हात बदलतो, आणि कधीकधी बंदरसुद्धा बदलतं.

पलीकडचा, आयात करणाऱ्या देशातला सीमाशुल्क अधिकारी मात्र वेगळंच विचारतो : हा माल मुळात बनला कुठे? कारण शुल्क त्यावर ठरतं. एक जण पुढचं ठिकाण लिहितो, दुसरा मूळ ठिकाण. रॉटरडॅमला उतरून पुढे पोलंडला गेलेला कंटेनर पाठवणाऱ्याच्या खात्यात नेदरलँड्सच्या नावे चढतो. पोलंड मात्र तो मूळ देशाकडून आलेली आयात म्हणून लिहितो. चीन आणि अमेरिका यांच्यात हे कित्येक वर्षं चाललं. हाँगकाँगमार्गे जाणारा बराच माल चीनच्या पुस्तकात हाँगकाँगला केलेली निर्यात म्हणून दिसायचा, अमेरिकेच्या पुस्तकात चीनकडून आलेली आयात म्हणून. त्यामुळे अमेरिका दाखवत असलेली तूट चीन दाखवत असलेल्या वाढाव्यापेक्षा मोठी असायची. शिवाय मधला व्यापारी आपला नफा चढवून दुसरं इनव्हॉइस काढतो, तोही फरकात मिळतो. माल थेट गेला आणि कागद तेवढे सिंगापूर किंवा जिनिव्हामार्गे फिरले, तरीही हेच होतं.

खोटेपणा नसतोच, असं मी म्हणत नाही. शुल्क चुकवायला किंमत कमी दाखवतात, पैसा देशाबाहेर न्यायला फुगवून दाखवतात. हे कागद माझ्या डोळ्यांखालून गेले आहेत आणि त्याची मला आजही चीड आहे. पण ते एकूण बेरजेवरून कधीच पकडता येत नाही. त्यासाठी एचएस कोडपर्यंत, म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गवारीत प्रत्येक वस्तूला दिलेल्या क्रमांकापर्यंत उतरा. ही वर्गवारी १९८८पासून लागू आहे आणि तिचे पहिले सहा अंक जगभर समान आहेत. पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो, तेव्हा सहाच्या पुढे तुलना करू नका. मग किमतीआधी वजन ताडा. वजन जुळलं आणि किंमत जुळली नाही, तर भाडं, मधला व्यापारी किंवा लबाडी. वजनच जुळत नसेल, तर आधी तारखा आणि मार्ग तपासा, आणि शेजारचा कोडही बघा. एकच वस्तू दोन टोकांचे अधिकारी दोन कोडांखाली घालतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

प्रश्न (त्याच पत्रातला) : मग दोघांपैकी भरवशाचा आकडा कोणता?

उत्तर : साधारणपणे आयातीचा. शुल्क आयातीवर वसूल होतं, म्हणून तिथे पेट्या उघडल्या जातात, कागद बारकाईने वाचले जातात. निर्यातीच्या अर्जावर इतकी नजर नसते. १९९०पासून कॅनडा आणि अमेरिका परस्परांना होणाऱ्या निर्यातीसाठी एकमेकांचे आयातीचे आकडे वापरतात, ते याच कारणाने. मात्र आयातशुल्क जबर असलेल्या मालात आयातदारालाच किंमत लपवण्याचा मोह असतो. तिथे मी निर्यातीचा आकडा आधी बघेन.