सासूबाईंचा अठ्ठाविसावा रोजा आणि नऊ वर्षांचा रोजेदार

प्रश्न : ताई, आम्ही युरोपात उत्तरेकडे राहतो. रमजानच्या मधल्या आठवड्यात सासूबाई भारतातून येणार आहेत. तिकडचे रोजे यंदाही आमच्या एक दिवस मागून सुरू झाले, तर त्यांनी ईद कुठली धरायची? त्यांना डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत, पण ‘आजवर एक रोजा चुकवला नाही’ हे पालुपद. मुलगा नऊ वर्षांचा. तो सगळे रोजे धरणार म्हणून हटून बसलाय. आणि मिस्टर म्हणतात, या वर्षी सगळं सुन्नतप्रमाणे, प्रेषितांच्या रीतीप्रमाणे. म्हणजे मशीद त्यांच्याकडे आणि स्वयंपाकघर माझ्याकडे! काय करू?

उत्तर : शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. प्रेषित मुहम्मदांच्या पत्नी हजरत आयेशा (र.) यांना कुणी तरी विचारलं होतं की, प्रेषित (स.) घरी असले की काय करतात? त्यांनी सांगितलं, घरच्यांच्या कामात असतात, नमाजची वेळ झाली की निघतात. बुखारीच्या संग्रहातली हदीस (प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे. मिस्टरांना सांगा, हीसुद्धा सुन्नतच. इफ्तारचं, म्हणजे रोजा सोडण्याचंही तसंच. प्रेषितांचे सेवक हजरत अनस (र.) सांगतात, प्रेषित नमाजच्या आधी ताज्या खजुरांनी रोजा सोडत, ताजे नसले तर सुक्या, तेही नसले तर पाण्याचे काही घोट घेत. त्या हदीसमध्ये कढई कुठेच नाही. मगरीबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) आधीचे दोन तास तुम्ही गॅससमोर उभ्या असाल, तर ती घराघरांतली रीत झाली. हौस असेल तर जरूर करा, पण सुन्नतच्या नावाखाली तुमच्यावर लादू देऊ नका. इफ्तारला उशीर मात्र नको. सूर्य मावळला की रोजा सोडायचा, ताणण्यात पुण्य नाही.

सहरीचं, म्हणजे पहाटेआधीच्या जेवणाचं, याच्या उलट. ती जितकी उशिरा तितकी चांगली. मी परदेशातल्या पहिल्या वर्षी शहाणपणा केला होता. पहाटे कोण उठणार म्हणून रात्री साडेबारालाच जेवून झोपले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात डोकं टेबलावर टेकायची वेळ आली. प्रेषितांचे सोबती हजरत जैद बिन साबित (र.) यांनी प्रेषितांबरोबर केलेल्या सहरीची आठवण सांगितली आहे. खाणं आणि फजरची (पहाटेची) नमाज यांत किती वेळ होता? कुरआनच्या पन्नास आयती (वचनं) वाचून होतील इतका. वेळ मोजण्याची ही पद्धत मला फार आवडते.

तुमच्याकडे अडचण येते ती फोनमधल्या वेळापत्रकाची. एका अॅपमध्ये फजर एका वेळेला, दुसऱ्यात वीस-पंचवीस मिनिटं पुढे. गौडबंगाल काही नाही. सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असताना पहाट धरायची, कुणी १८ अंश घेतं, कुणी १५. सेटिंगमध्ये जाऊन तुमची मशीद जी पद्धत वापरते तीच निवडा, घरातल्या सगळ्यांच्या फोनवर तीच ठेवा. नाही तर सहरीच्या ताटावर रोज वाद.

आता ईद. हा वाद फार जुना आहे. कुरैब नावाचे गृहस्थ सीरियातून मदिनेला परतले. सीरियात चाँद शुक्रवारी रात्री दिसला होता, मदिनेत शनिवारी. प्रेषितांचे चुलतभाऊ हजरत इब्न अब्बास (र.) यांनी सीरियाचा हिशेब धरला नाही. आम्ही तीस पुरे करू किंवा आमचा चाँद बघू, प्रेषितांनी आम्हाला हेच शिकवलं, असं ते म्हणाले. त्यावरून बऱ्याच उलेमांचं (धर्मपंडितांचं) म्हणणं असं की, माणूस ज्या गावात असेल त्या गावाबरोबर रोजा आणि त्या गावाबरोबर ईद. म्हणजे सासूबाई तुमच्याबरोबर ईद करतील. अडचण एकच. तिकडे एक दिवस उशिरा सुरू केलेलं असल्याने, तुमच्याकडे एकोणतीस झाले की त्यांचे अठ्ठावीसच भरतील. चांद्रमास एकोणतीसपेक्षा कमी नसतो. म्हणून त्यांनी ईद सगळ्यांबरोबर करायची आणि ईदनंतर एक कजा (भरपाईचा) रोजा धरायचा. हे त्यांना विमानतळावरून येतानाच सांगून टाका. चाँद रातीला, ईदच्या आदल्या रात्री, सांगितलंत तर रडारड होईल.

त्यांच्या डायबेटिसबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. भेट ठरली असेल तर रमजानच्या महिनाभर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं पाहिजे, कारण गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलाव्या लागतात. रोजा धरायचा की नाही हेही तेव्हाच ठरतं. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी साखर मोजायचं मशीन हाताशी हवं. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडायचा, मगरीबला दहा मिनिटं असली तरी. आणि इथे एक फसगत होते. भारतातलं मशीन मिलिग्रॅममध्ये आकडा दाखवतं, तुमच्याकडचं बहुधा मिलिमोलमध्ये. तिकडचे ७० म्हणजे इकडचे ३.९, तिकडचे ३०० म्हणजे १६.६ च्या आसपास. १८ ने गुणायचं किंवा भागायचं, एवढाच हिशेब. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. बोटाला सुई टोचून साखर बघितल्याने रोजा तुटत नाही, हेही त्यांना सांगा. त्या भीतीने कित्येक जण दिवसभर तपासतच नाहीत.

डॉक्टर नाही म्हणाले तर? मग नाही. कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजे फर्ज (बंधनकारक) झाल्याचा हुकूम आणि आजारी माणसाची, प्रवाशाची सवलत लागूनच येतात. बरं वाटल्यावर कजा, आणि बरं वाटण्याची आशाच नसेल तर रोज एका गरिबाच्या जेवणाचा फिदया (बदली दान). एका सफरीत प्रेषितांना एका माणसाभोवती गर्दी दिसली, लोक त्याच्यावर सावली धरून उभे होते. काय झालं, तर हा रोजेदार आहे. त्यावर प्रेषित म्हणाले, सफरीत रोजा धरणं ही काही नेकी नाही. सासूबाईंना हा प्रसंग तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलाला सांगायला लावा. सुनेने सांगितलं की ‘मला रोजा धरू देत नाही’ असं होतं, मुलाने सांगितलं की ‘किती काळजी करतो’!

चिरंजीवांचं काय? त्याच्यावर रोजा अजून फर्ज नाही, वयात येईपर्यंत होतही नाही. पण हौस मोडू नका. प्रेषितांच्या काळातल्या रुबय्यि बिन्त मुअव्विज (र.) यांनी आशूराच्या (मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या) रोजाची आठवण सांगितली आहे. त्या दिवशी त्या लहान मुलांनाही रोजा धरायला लावत. पोर भुकेने रडलं की त्याला लोकरीचं खेळणं करून देत, इफ्तारपर्यंत ते त्याच्याशी खेळत बसे. आईचा तो चलाखपणा मला अगदी आपल्या ओळखीचा वाटतो. तुमच्याकडेही तेवढंच करायचं आहे. सुरुवातीला दुपारपर्यंतचा रोजा, शनिवार-रविवारी जमला तर पूर्ण. खेळाचा तास असेल त्या दिवशी नाही. वर्गशिक्षकांना आधी चिठ्ठी द्या, म्हणजे डबा न खाणाऱ्या मुलाची चौकशी सुरू होणार नाही. चक्कर आली, चेहरा उतरला, तर पाणी पाजा, आणि ‘तुझा मोडला’ असं घरात कुणी म्हणायचं नाही, आजीनेही नाही. विसरून बिस्कीट खाल्लं तर रोजा चालूच राहतो, अल्लाहनेच खाऊ घातलं अशी हदीस आहे. त्याला हे सांगितलंत की रोज विसरेल, तेवढी तयारी ठेवा. वर्गात कुणी चिडवलं तर त्याच्यासाठी उत्तर तयार आहे : मी रोजेदार आहे. शिवीगाळ करणाऱ्याला एवढंच म्हणावं, असं प्रेषितांनीच शिकवलंय.

त्याचं नशीबही चांगलं आहे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि आता तो थंडीत शिरतोय. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. उत्तरेकडे तेव्हा दिवस इवलासा असतो. दक्षिण गोलार्धातल्या आपल्या लोकांनी माझ्यावर चिडू नये!

मिस्टरांसाठी आणखी एक. शेवटच्या दहा रात्री प्रेषित स्वतः जागत आणि घरच्यांनाही उठवत. घरच्यांना म्हणजे तुम्हाला. तेव्हा त्या दहांपैकी काही रात्री मुलाला झोपवणं आणि सहरीची भांडी त्यांच्याकडे, मुसल्ला (नमाजची चटई) तुमच्याकडे. तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजच्या, रकाती (आवर्तनं) आठ की वीस, या वादात मी पडत नाही. फितरा (ईदचं दान) ईदच्या नमाजच्या आधी पोचला पाहिजे. गरिबाच्या हातात वेळेवर पडायला हवा, म्हणून मशिदीत दोन-चार दिवस आधीच द्या. घरातल्या प्रत्येकाचा, मुलाचाही. सासूबाईंचा कोण देणार हे त्यांना आधी विचारा, बऱ्याच जणी स्वतःचा स्वतः देतात.

ईदुल-फित्रच्या सकाळी नमाजला निघण्यापूर्वी प्रेषित खजूर खात, तेही विषम संख्येत. सासूबाईंच्या हिशेबात तो दिवस एकोणतिसाव्या रोजाचा असेल, हात जरा अडखळेल. साखर बघा आणि एकच खजूर त्यांच्या तळहातावर ठेवा. एक हा आकडाही विषमच आहे.