फॉर्म्युला आरसी (रिमोटवर चालणारी) कार उजवीकडे वळताना गरकन फिरते, डावीकडे नीट वळतच नाही. सेटिंग कुठून सुरू करू?

तुम्ही डिचोलीचे. १/१० स्केलची जुनी फॉर्म्युला गाडी घेतलीत, २०० मिमी रुंदीची, टी-बारवाली, रबरी टायर आणि २१.५ टर्नची (तारेच्या तितक्या वेढ्यांची) ब्रशलेस मोटर. उजव्या वळणाला मागचा भाग सुटतो, डाव्या वळणाला गाडी बाहेर बाहेर जाते. स्प्रिंगा बदलल्या, शॉकमधलं तेल बदललं, काही फरक पडला नाही.

आधी जुन्या स्प्रिंगा परत लावा. स्प्रिंग, तेल, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हे सगळं आपण दोन्ही बाजूंना सारखंच बदलतो, त्यामुळे परिणामही दोन्ही वळणांवर सारखाच दिसायला हवा. तुमची गाडी एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं वागते, म्हणजे ती पिळलेली आहे. आरसीवाले याला ट्वीक म्हणतात. ट्वीक गेल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही सेटिंगला हात लावू नका, कारण काय बदलल्याने काय झालं हे तुम्हाला कळणारच नाही.

या गाडीची रचना टूरिंग कारपेक्षा वेगळी असते. खाली एक सपाट प्लेट, तिच्या पुढच्या टोकाला किंगपिनवर (चाक ज्यावर वळतं त्या उभ्या खिळीवर) छोट्या स्प्रिंगांची पुढची चाकं. मागे मोटर आणि अख्खा अ‍ॅक्सल धरणारा वेगळा डबा, म्हणजे पॉड. मागच्या चाकांना स्वतःचं सस्पेन्शन नसतंच. पॉड आणि प्लेट यांना जोडतो तो टी-बार, फायबरचा टी आकाराचा पातळ तुकडा, आणि तोच पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करतो. पॉड मागेपुढे झुकतो तेव्हा मधला शॉक आवरतो, डावी-उजवीकडे झुकतो तेव्हा ग्रीस लावलेल्या घर्षणाच्या चकत्या. आता हा टी-बार बसवताना एक स्क्रू जास्त आवळला गेला, किंवा त्याच्या कमरेत केसाएवढी चीर पडली, तर शांत उभ्या गाडीतही पॉड एका अंगाला झुकून राहतो. मग एका मागच्या चाकावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या पुढच्या चाकावर वजन जास्त पडतं. एका वळणाला मागची पकड कमी, दुसऱ्या वळणाला पुढची. तुमचं दुखणं नेमकं हेच दिसतं.

तपासायला काचवाल्याकडून ८-१० मिमी जाडीचा काचेचा तुकडा कापून आणा. स्वयंपाकघरातला दगडी ओटा सपाट वाटतो, पण असतोच असं नाही. काचेवर गाडी बॅटरीसकट, धावायला तयार अशी ठेवा. पुढच्या टोकाला, बरोबर मध्यरेषेवर, प्लेटखाली पातळ स्क्रूड्रायव्हरचं टोक घाला आणि अगदी हळू वर उचला. डोळे पुढच्या दोन्ही टायरांच्या तळाशी. दोन्ही एकदमच काचेवरून सुटले तर गाडी सरळ आहे. एक आधी सुटलं, तर जे मागाहून सुटतं त्याच्यावर भार जास्त आहे. काही टी-बारांना दोन्ही अंगांना छोटे ट्वीक स्क्रू असतात. एक पाव फेरा आत, दुसरा पाव फेरा बाहेर, की परत उचलून बघा. वाढलं तर उलट फिरवा. तसे स्क्रू नसतील तर टी-बारचे सगळे स्क्रू सैल करा, काचेवर पॉड आणि प्लेट दोन्ही हाताने दाबून बसवा, आणि एकेक स्क्रू थोडा थोडा, आलटून पालटून आवळा. एका दमात एक स्क्रू पूर्ण आवळायचा नाही.

माझं सांगतो, कारण या एका गोष्टीने माझे तीन रविवार खाल्ले. फोंड्याला आमच्या भागात सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट आहे. मुलं खेळायला यायच्या आत, सकाळी सहा ते आठ, आम्ही तिथे गाड्या चालवतो. काचेवर माझी गाडी सरळ दिसायची, कोर्टावर मात्र दोन फेऱ्यांनंतर एका बाजूला फिरायला लागायची. टी-बार नवा घातला, ग्रीस बदललं, टायर अदलाबदल केले. शेवटी सोल्डरिंगसाठी मोटरच्या वायरी सोडवल्या तेव्हा लक्षात आलं की पॉड एकाएकी मोकळा झालाय. परत जोडून बोटाने दाबून पाहिलं. डावीकडे दाबला की पॉड जागेवर यायचा, उजवीकडे दाबला की तिथेच थांबायचा. मी १२ गेजच्या जाड वायरी घातल्या होत्या, त्याही आखूड. पॉड हलला की त्या वायरी दांडीसारख्या त्याला ढकलून धरायच्या. १४ गेजची, म्हणजे बारीक, मऊ सिलिकॉन वायर, जरा लांब, वर कमान करून जोडली आणि त्याच दिवशी गाडी दोन्हीकडे सारखी वळली. तेव्हा तुम्हीही काचेवर ठेवण्याआधी पॉड बोटाने दोन्हीकडे दाबून बघा. वायरी, फुगलेली बॅटरी, सेन्सरची तार, बॉडीची कड, काहीही अडत असेल तर ते आधी मोकळं करा.

ट्वीक गेला की डिफ, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल. या गाड्यांत बॉल डिफ असतो, स्पर गिअरमध्येच (अ‍ॅक्सलवरच्या मोठ्या गिअरमध्ये) बसवलेल्या पोलादी गोळ्या आणि दोन्ही बाजूंना चकत्या. दोन्ही मागची चाकं घट्ट धरा आणि अंगठ्याने स्पर फिरवायचा प्रयत्न करा. सहज सरकला तर डिफ ढिला आहे, तसाच चालवलात तर चकत्यांवर चरे पडतील. मग स्पर धरून एक चाक फिरवा, दुसरं उलट दिशेने लोण्यासारखं फिरायला हवं. खरखर लागली तर उघडावाच लागेल. चकत्या उलट्या करून बसवा, किंवा काचेवर ६०० नंबरचा पाणकागद ठेवून गोल गोल घासा. गोळ्यांना सिलिकॉनचं डिफ ग्रीस, आणि टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगला काळं मॉली ग्रीस. ही दोन ग्रीस एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गोळ्यांना मॉली लावलं तर डिफ निसटत राहतो.

आता टायर. गाडीला जास्तीत जास्त फरक इथेच पडतो, आणि आपल्याकडे त्याची गंमत अशी की चिऱ्याची तांबडी धूळ कुठेही येऊन बसते. तुमच्याकडे, खाणीच्या पट्ट्यात, तर विचारायलाच नको. कोर्ट कितीही झाडलं तरी पहिली पंधरा मिनिटं गाडी साबणावर चालल्यासारखी चालते. रेषेवरची धूळ उडाली आणि रबर बसायला लागलं की पकड येते. त्या पंधरा मिनिटांत काहीही बदलू नका, नुसती चालवा. आम्ही आधी हिरांच्या खराट्याने आणि मग मऊ झाडूने, असं दोनदा झाडतो. मागचे टायर पूर्ण पुसून त्यावर ट्रॅक्शनचं, म्हणजे पकड वाढवणारं, औषध लावा, पुढच्यांना फक्त आतल्या अर्ध्या पट्टीला. गाडी फार टोकदार वळत असेल तर पुढच्यांना अजून कमी. औषध लावताना हातमोजे घाला आणि खोलीत बसून लावू नका. अजून एक युक्ती: पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीला पातळ सुपरग्लूचा एक थर दिला की भिंत कडक होते आणि पुढची पकड कमी होते. पण ती परत मऊ होत नाही, म्हणून ही पायरी शेवटी.

एवढं होऊनही गाडी फिरत असेल, तर आता ती दोन्हीकडे सारखी फिरेल, आणि मग प्रश्न हा की नेमकी केव्हा फिरते. वळणात शिरताना, थ्रॉटल सोडल्यावर की ब्रेक दाबल्यावर? मग दोष बहुधा ब्रेकचा. या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तोही मोटरचाच. रिमोटवर ब्रेकचा एंड पॉइंट (कमाल मर्यादा) १०० टक्क्यांवर असेल तर तो थेट ५०-६०ला आणा, आणि ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतला) ड्रॅग ब्रेक, म्हणजे थ्रॉटल सोडताच आपोआप लागणारा ब्रेक, शून्य करून सुरुवात करा. मागचा ड्रूप, म्हणजे गाडी मागून उचलली की टायर सुटण्याआधी प्लेट किती वर येते, तोही बघा. एक-दीड मिमी पुरे. जास्त असेल तर थ्रॉटल सोडताच वजन पुढे पळतं आणि मागचं हलकं होतं. वळणातून बाहेर पडताना, थ्रॉटल देताना फिरत असेल तर घर्षणाच्या चकत्या फार आवळल्या आहेत का बघा, रिमोटवर थ्रॉटलचा एक्स्पो थोडा ऋण करा म्हणजे सुरुवातीचा ट्रिगर मऊ होईल, ईएससीचा पंच (सुरुवातीचा झटका) कमी करा. मला विचाराल तर नव्या माणसाच्या निम्म्याहून जास्त गिरक्या या बोटाच्याच असतात. ट्रिगर एकदम दाबायचा नाही, पिळायचा.

बाकीची मापं सुरुवातीला अशी धरा: जमिनीपासून उंची पुढे-मागे ५ मिमी, पुढचा कॅम्बर उणे १ ते दीड अंश, कॅस्टर (किंगपिनचा मागे कल) ४ अंश, पुढे टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य. सर्व्होचा हात आधी रिमोट चालू करून मध्यावर काटकोनात बसवा आणि मगच रॉड जोडा. उलट केलंत तर एका बाजूला जास्त वळेल आणि तुम्हाला परत ट्वीक वाटेल.

गिअरिंगसाठी मोटरच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते ते काढा, याला रोलआउट म्हणतात. टायरचा व्यास गुणिले ३.१४, गुणिले पिनियनचे (मोटरवरच्या छोट्या गिअरचे) दाते, भागिले स्परचे दाते. समजा टायर ६१ मिमी, पिनियन २४, स्पर ६४, तर सुमारे ७२ मिमी. पिनियन २५ केलात की जवळजवळ ७५. फोमचे टायर झिजून व्यास कमी होतो म्हणून त्यांचं गणित दर वेळी नव्याने करावं लागतं, रबराला तशी कटकट नाही. लहान कोर्टासाठी ७२च्या आसपास सुरू करा, पाच मिनिटं चालवा, मोटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. ८० अंशांच्या वर गेली तर पिनियनचा एक दात कमी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तो कमी करावाच लागतो.

सुटे भाग मागवताना रुंदी सांगायला विसरू नका. खऱ्या फॉर्म्युला वनमध्ये १९९८ साली गाडीची रुंदी २ मीटरवरून १.८ मीटर झाली आणि २०१७ साली परत २ मीटर. आरसी गाड्याही त्याच मापाने आल्या, २०० मिमीच्या आणि १८० मिमीच्या. २००९ साली आलेली तामियाची एफ१०४ ही १८०ची. तिचे पुढचे आर्म किंवा मागचा अ‍ॅक्सल तुमच्या गाडीत घालाल तर रुंदी बिघडेल.

गोव्यात राहून ही गाडी टिकवायची तर धूळ आणि खारी हवा या दोघांशी गाठ आहे. वाळूच्या जवळपास चालवू नका, मिरामारचा रस्ता कितीही गुळगुळीत दिसला तरी. दर वेळी घरी आल्यावर रंगाच्या ब्रशने पॉड झाडा, बेअरिंगांना पातळ तेलाचा एकेक थेंब द्या. जून ते सप्टेंबर कोर्ट ओलं, गाडी पेटीत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, टायर वेगळ्या बंद पिशवीत, मधल्या शॉकची स्प्रिंग सैल, डिफचा स्क्रू अर्धा फेरा सोडलेला. लायपो बॅटरी प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, आणि स्कूटरच्या डिकीत उन्हात तर कधीच नाही. चवथ झाली, पाऊस ओसरला की आधी डिफ उघडून बघायचा आणि मग गाडी चालवायची.

एक छोटी वही ठेवा. तारीख, कोर्ट, काय बदललं, काय वाटलं. एका वेळी एकच बदल, आणि पसंत पडला नाही तर लगेच पूर्ववत.

आज काच आणली नाहीत तरी पॉड बोटाने दाबायचं काम आत्ता करता येईल. काच आली की कुठलं पुढचं चाक आधी सुटतं, आणि टी-बारची कमर वाकवल्यावर तिथे पांढरी रेघ दिसते का, तेवढं कळवा. रेघ दिसली तर स्क्रू फिरवत बसू नका, तो टी-बार गेलेला आहे.