टाईप वन लेक, सीझनच्या शिंका आणि औषधांची धास्ती

पत्र पुण्याहून आलंय. लेक 9 वर्षांची, टाईप वन डायबेटिस, इन्सुलिन चालू. पाऊस ओसरला की दिवाळीपर्यंत शिंका, डोळ्यांना खाज, रात्री नाक चोंदलेलं. गेल्या वर्षी जवळच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि शुगर 400 च्या वर गेली, तेव्हापासून ही आई ॲलर्जीचं कुठलंच औषध देत नाही. विचारतेय, "मी तिला नुसतं शिंकू देतेय, मी वाईट आई आहे का?"

अगं, अजिबात नाही. 400 चा आकडा बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण म्हणून सगळीच औषधं बंद, हे मला पटत नाही. नाक चोंदलेलं पोर रात्रभर झोपत नाही, सकाळी धड खात नाही, मग शुगरचं गणित तसंही बिघडतंच ना!

पोटात घ्यायचं स्टिरॉइड शुगर चढवतं, हे खरं. नाकात मारायच्या स्प्रेमधेही स्टिरॉइड असतं, पण मायक्रोग्रॅममधे, आणि रक्तात जातं ते फारच थोडं. त्यामुळे डायबेटिसच्या डॉक्टरांना विचार, की सीझनच्या आधीच स्प्रे सुरू करायचा का, कारण त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. मारताना मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर कानाच्या दिशेने, आणि जोरात ओढून घ्यायचं नाही, नाहीतर सगळं घशात जातं.

केमिस्टकडून सर्दीचं सिरप मात्र परस्पर आणू नकोस. बऱ्याच सिरपमधे साखर असते, फेनिलेफ्रिनसारख्या नाक मोकळं करणाऱ्या औषधांनी शुगर चढू शकते आणि क्लोरफेनिरामिनने गुंगी येते. ही गुंगीच मला सगळ्यात धोक्याची वाटते. पोरगी पेंगलेली दिसली तर औषधाचा परिणाम समजून पांघरूण घालू नकोस, आधी शुगर बघ, लो झालेली असू शकते. सेटिरिझिनसारख्या औषधांनी गुंगी कमी येते, पण तेही डोस विचारूनच. सासूबाईंचं हळदीचं दूध खुशाल दे, फक्त एक कप दुधाचे साधारण 10 ग्रॅम कार्ब्ज आणि चमचाभर मधाचे 6 इन्सुलिनच्या हिशोबात धर.

कधी दम लागून छाती वाजायला लागली आणि डॉक्टरांनी स्टिरॉइड लिहून दिलंच, तर भीतीपोटी नाही म्हणू नकोस, त्याच दिवशी डायबेटिसच्या डॉक्टरांना फोन करून इन्सुलिन किती वाढवायचं ते विचार. खाणं कमी झालं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. शुगर 250 च्या वरच राहिली किंवा उलट्या झाल्या तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारे आम्लासारखे पदार्थ) तपास. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तर थेट हॉस्पिटल.

आणि बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटमधे गाजरगवत आहे का बघ, त्याच्या परागांनीही ॲलर्जी होते. आपल्या पुण्यातच हे 1955 च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं म्हणतात, आता कुठे नाही! फुलायच्या आधी सोसायटीकडून मुळासकट काढून घे, काढणाऱ्याला ग्लोव्ह्ज आणि मास्क दे, आणि लेकीला त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नकोस.

डॉक्टरांना फोन उद्याच कर, एकदा गणपतीची गडबड सुरू झाली की राहून जाईल.