विंडोज नव्याने टाकल्यावर डी ड्राइव्हवरच्या एन्क्रिप्ट केलेल्या फायली ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतात. युजरनेम आणि पासवर्ड जुनाच ठेवलाय. आता काय करू?

नाव-पासवर्ड तोच ठेवल्याने काही होत नाही, हे आधी डोक्यातून काढा. आणि ‘प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ओनरशिप घ्या, सगळं उघडेल’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. या सल्ल्याशी मी कित्येक वर्षं भांडतोय आणि तो काही मरत नाही. घोळ विंडोजनेच घातलाय: परवानगी नसेल तरी ‘ॲक्सेस डिनाइड’, किल्ली नसेल तरी ‘ॲक्सेस डिनाइड’. ओनरशिपने परवानगी मिळते, किल्ली नाही. त्याने फायलींचं बिघडत नाही म्हणा, पण दिवस वाया जातात, आणि तुमच्याकडे दिवस मोजकेच आहेत.

राइट क्लिक, ॲडव्हान्स्ड, ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स’ असं तुम्ही केलं असणार. म्हणजे ईएफएस (एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टम), एकेक फाइल कुलूपबंद करणारी विंडोज २००० पासूनची सोय. यात प्रत्येक फाइलची किल्ली वेगळी. ती तुमच्या सर्टिफिकेटच्या (तुमच्या खात्याचं डिजिटल ओळखपत्र) सार्वजनिक किल्लीने बंद करून फाइलीबरोबरच ठेवलेली असते. ती उघडणारी खासगी किल्ली मात्र सी ड्राइव्हवर, तुमच्या प्रोफाइलमध्ये. तिच्यावर मास्टर कीचं कुलूप, आणि मास्टर की तुमच्या पासवर्ड आणि एसआयडीवर (विंडोज प्रत्येक खात्याला देतं तो ओळख क्रमांक) बांधलेली. नव्या विंडोजमध्ये नवा एसआयडी आणि नव्या किल्ल्या. नाव सारखं असलं तरी विंडोजच्या लेखी तुम्ही दुसरेच कुणीतरी.

म्हणून खरा प्रश्न एकच, आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही: सी फॉरमॅट केलात की तसाच त्यावर विंडोज टाकलात?

फॉरमॅट केला नसेल तर सी ड्राइव्हवर जुन्या विंडोजच्या फायलींचा विंडोज.ओल्ड फोल्डर असेल. तो आजच्या आज बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. विंडोज १० आणि ११ तो साधारण १० दिवसांनी आपणहून उडवतात, आणि डिस्क क्लीनअप चालवणारे उत्साही लोक घरोघरी असतात. त्यात युजर्स, मग तुमचं जुनं नाव, ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट. इथले तीन फोल्डर हवेत: क्रिप्टो, प्रोटेक्ट आणि सिस्टमसर्टिफिकेट्स. प्रोटेक्टमध्ये ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा फोल्डर असतो, ते नाव म्हणजेच तुमचा जुना एसआयडी. तो उघडल्यावर रिकामा दिसला तर घाबरू नका. मास्टर कीच्या फायली हिडन आणि सिस्टम अशा दोन्ही असतात, त्यामुळे फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ लपवण्याची खूण काढल्याशिवाय दिसत नाहीत.

आता ही तुमचीच किल्ली का, ते ताडून पाहा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सायफर /सी’ आणि पुढे बंद फाइलचं नाव द्या. ती फाइल कोण उघडू शकतं ते नाव आणि सर्टिफिकेटचा थंबप्रिंट (त्याची ओळख पटवणारा कोड) छापून येतो: ४० अक्षरं, चार-चारच्या गटांत. मग सिस्टमसर्टिफिकेट्स, माय, सर्टिफिकेट्स या फोल्डरमधल्या फायलींची नावं बघा. ती नावंच थंबप्रिंट असतात, फक्त मधल्या जागा नसतात. जुळलं तर आशा आहे. जुळलं नाही तर कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.

जुळलं तरी एसआयडी वेगळा असल्यामुळे हे फोल्डर नव्या प्रोफाइलमध्ये नुसते चिकटवून चालत नाही. एलकॉमसॉफ्टच्या ॲडव्हान्स्ड ईएफएस डेटा रिकव्हरीसारखं साधन हे तीन फोल्डर आणि जुना पासवर्ड घेऊन किल्ली सोडवतं. पासवर्ड म्हणजे पासवर्ड, पिन नव्हे.

फॉरमॅट केला असेल आणि साधी हार्ड डिस्क असेल तर मशीन आत्ता बंद करा, डिस्क काढा, दुसऱ्या मशीनवर तिची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) घ्या आणि डिलीट झालेल्या फायलींचा शोध त्या इमेजवरच घ्या. नवं विंडोज त्याच जागेवर लिहून बसलंय, त्यामुळे फार मोठी आशा धरू नका. एसएसडी असेल तर ट्रिममुळे (डिलीट झालेला डेटा एसएसडी स्वतःच पुसून टाकते) बहुधा तीही नाही. फाइलचं कुलूप तोडायचा नाद सोडा. एक्सपी सर्व्हिस पॅक १ पासून तिथे एईएस-२५६ हे भक्कम एन्क्रिप्शन आहे.

पुढच्या वेळेसाठी: फॉरमॅटच्या आधी ‘सायफर /यू /एन /एच’ चालवा. काय काय एन्क्रिप्टेड आहे त्याची यादी मिळते, आणि ती पाहून बहुतेकांना धक्का बसतो. मग ‘सायफर /एक्स’ने सर्टिफिकेट आणि किल्ली पीएफएक्स फाइलमध्ये काढा आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवा. डेस्कटॉपवर ठेवून फॉरमॅट मारणारे आहेत, म्हणून सांगतोय. ती दुसऱ्या खात्यात इम्पोर्ट करून एक फाइल उघडून बघा. ‘डेटा डीवर आहे, सी खुशाल उडवा’ म्हणणाऱ्याला हे आधी करायला लावा.

एक राहिलंच. मशीन ऑफिसच्या डोमेनमध्ये असेल तर रिकव्हरी एजंट (इतरांच्या एन्क्रिप्टेड फायली उघडू शकणारं खातं) नेमलेला असू शकतो. ‘सायफर /सी’च्या उत्तरात रिकव्हरी सर्टिफिकेटखाली काही दिसलं तर वरचं सगळं सोडा आणि ॲडमिनला गाठा. आणि सगळा ड्राइव्हच ४८ आकडी की मागत असेल तर ते बिटलॉकर, म्हणजे पूर्ण ड्राइव्ह कुलूपबंद करणारी वेगळी सोय. त्याला यातलं काहीच लागू नाही. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा.