शाळेत आणि नोकरीत सर्जनशीलता कशी वाढवावी?

सर्जनशीलतेचा वेगळा तास ठेवून काही होत नाही, हे आधीच सांगतो. लातूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मी गणित शिकवतो.

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, सुमारे ५ लाख लिटर. सातवीच्या वर्गात दुसरं बोलणंच नव्हतं. मी फळ्यावरचं शेकडेवारीचं उदाहरण पुसलं आणि विचारलं, एका वाघिणीत घागरी किती? १५ लिटरची घागर धरून लेकरं भागाकाराला लागली. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र लिहीतच नव्हती. म्हणाली, "सर, आमच्या गल्लीतल्या टाकीची तोटी रात्रभर गळतीय. ते पाणी कशात धरायचं?"

मला काही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आकडा घेऊनच आली. तोटीखाली लिटरचा तांब्या ठेवून आजोबांचं घड्याळ घेऊन बसली होती. भरायला १२ मिनिटं. रात्री आठ ते सकाळी सहा म्हणजे ५० लिटर, तीन घागरींच्या वर. मग अख्खा वर्ग आपापल्या गल्लीतल्या तोट्या मोजत सुटला.

मुख्याध्यापक चिडले. "परीक्षा तोंडावर आलीय आणि तुम्ही तोट्या मोजताय?" वहीत शेरा मारला, 'अभ्यासक्रमाबाहेरील काम'. मी शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ काढून दाखवलं. कृतीतून, शोधातून शिकवा, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवा, असं त्यातच आहे. ते म्हणाले, "कलमानं निकाल लागत नसतो." मला ते आजही पटलेलं नाही. भागाकार, वेळ, एककं, यातलं अभ्यासक्रमाबाहेरचं काय होतं?

तेव्हा लेकराचा आडवा प्रश्न लगेच मिटवू नका, एक रात्र त्याच्याकडेच राहू द्या. नोकरीतही तेच. माझा मेहुणा वाळूजला कंपनीत आहे. मशीनची खोड तिच्यापुढं आठ तास उभा राहणाऱ्यालाच कळते. सूचनापेटी लावतात, पण चिठ्ठीचं पुढं काय झालं ते कुणी सांगत नाही. दुसऱ्यांदा कोण लिहील?

हां, पाढे पाठ हवेतच. बाराचा पाढा येत होता म्हणूनच तिनं ६०० भागिले १२ तोंडी केलं. लातूर पॅटर्नच्या, म्हणजे परीक्षेसाठी पुन्हा पुन्हा प्रश्न सोडवून घ्यायच्या सरावालाही मी नावं ठेवत नाही. पण त्या सरावात असला प्रश्न विचारायला पाच मिनिटं उरत नाहीत, माझं भांडण तेवढंच.

मुख्याध्यापक निवृत्त झाले, शेरा वहीत तसाच आहे. तोटीला मात्र त्याच आठवड्यात नवा वायसर बसला, तिच्या वडिलांनीच बसवला.