फलकावर सन लिहिण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

दांडिया बाजारातल्या प्रदर्शनासाठी केलेला तुझा मसुदा वाचला. सार्वजनिक शिक्षणाचे टप्पे बडोद्यात मांडायचे ठरवलंस याचा फार आनंद झाला. सन बहुतेक बरोबर आहेत. पण प्रत्येक सनापुढे तू "शिक्षण सुरू झालं" असंच लिहिलं आहेस. सुरू काय झालं? शाळा, फीमाफी, सक्ती, की नुसता हुकूम? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात कधी कधी दहा-वीस वर्षांचं अंतर असतं.

इंग्लंडचंच बघ. 1870 च्या कायद्याने शाळा काढायची जबाबदारी स्थानिक मंडळांवर आली. मुलांना शाळेत घालण्याची सक्ती देशभर झाली 1880 मध्ये आणि बहुतेक प्राथमिक शाळांतली फी गेली 1891 मध्ये. नुसतं "1870" लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल, त्या वर्षी सगळं मिळालं.

म्हणून आधी चित्रं आणि रंग बाजूला ठेव. एका मोठ्या कागदावर सात रकाने आख: सन, हुकूम किंवा कायदा, कोणतं वय, कोणाला लागू, अंमल कुठे, पैसा कोणाचा, पुरावा कोणता. ज्या ओळीत तीन रकाने रिकामे राहतील, ती ओळ अजून फलकावर जाण्याच्या लायकीची झालेली नाही.

आता आपल्या बडोद्याचा मुख्य फलक. सयाजीराव महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आला 28 डिसेंबर 1881 ला. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला 1893 मध्ये, तोही राजधानीत नाही, तर अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत. अमरेली प्रांत काठेवाडात, बडोद्याला लागून नसलेला. हे फलकावर नकाशा काढून दाखव, कारण कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत विखुरलेले होते हे आजच्या मुलांना ठाऊक नसतं. मग सक्ती राज्यभर लागू झाली 1906 मध्ये. तुझ्या मसुद्यात या दोन सनांच्या मधली तेरा वर्षं एका बाणात उरकली आहेत. माझ्या मते खरा फलक तिथेच आहे. सक्ती करायची तर आधी चालून जाता येईल इतक्या अंतरावर शाळा हवी, तिथे शिक्षक हवा, कोणत्या घरात कोणत्या वयाचं मूल आहे याची गाववार यादी हवी आणि मूल आलं नाही तर पालकाला जाब विचारणारा कोणी हवा. यातलं एक जरी नसलं तरी हुकूम दप्तरात पडून राहतो. त्यातच छप्पन्नचा, म्हणजे संवत 1956 चा (1899-1900) दुष्काळ आला.

त्या दुष्काळापाशी आकडे फसवतात, तेव्हा जपून. 1891 च्या खानेसुमारीत राज्याची लोकसंख्या 24,15,396 होती, 1901 मध्ये ती 19,52,692 वर आली. समज, दोन्ही वर्षी पटावर 60,000 मुलं होती. टक्केवारी काढलीस तर ती 2.5 वरून 3.1 वर गेलेली दिसेल आणि तू आनंदाने "प्रगती" लिहून मोकळं होशील. प्रत्यक्षात एकही मूल वाढलेलं नसेल, माणसं कमी झालेली असतील. म्हणून टक्केवारी लिहिलीस तर तिच्याखाली मूळ दोन्ही आकडे हवेतच. तसंच पटसंख्या आणि हजेरी एका ओळीत मिसळू नकोस. पटावर नाव घालणं सोपं असतं. मूल कापणीच्या दिवसांत येतं का, ते हजेरीपटावर दिसतं.

1906 च्या ओळीत "मुलामुलींना सक्ती" असं लिहिलं आहेस, ते बदल. मुलांसाठी वय 7 ते 12, मुलींसाठी 7 ते 10. म्हणजे मुलाला पाच वर्षं, मुलीला तीन. हा फरक ठळक छाप. महाराजांच्या कामाचा मान त्याने कमी होत नाही. त्या काळात मुलींना कायद्याच्या कक्षेत आणणंच केवढं धाडस होतं, ते उलट नीट कळतं.

"सर्वांसाठी" हा शब्दही तपासून वापर. अंत्यज, म्हणजे त्या वेळी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांच्या सरकारी शाळा 1882-83 पासून, सक्तीच्या कितीतरी आधी निघाल्या, पण त्या वेगळ्या होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक तिथे शिकवायला तयार नसत, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. 1908 पासून पंडित आत्माराम अमृतसरी यांनी हे काम हाती घेतलं. ही ओळ कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकू नकोस. डॉ. आंबेडकरांना 1913 मध्ये मिळालेली परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मात्र प्राथमिक शिक्षणाच्या रांगेत घुसडू नकोस, तिला स्वतःचा फलक दे.

"भारतात पहिले" असं लिहायचं तर कशात पहिले तेही लिही. त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी शिक्षणाचा खर्च सरकारने करावा असा हुकूम 1817 मध्ये काढला होता, पण त्यात सक्ती नव्हती. 1848 ची सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांची पुण्यातली मुलींची शाळा सरकारने काढलेली नव्हती; तिच्याशेजारी जोतीरावांची 1882 ची हंटर शिक्षण आयोगापुढची साक्ष ठेव. रयतेच्या पैशातून रयतेच्या मुलांना शिकवा आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी ती मागणी होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं 1911 चं विधेयक तर फारच सावध होतं: 6 ते 10 वयाचे मुलगे, आणि जिथे ठरावीक टक्के मुलं आधीच शाळेत आहेत तिथेच सक्तीची मुभा. तेही 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. त्या वेळी बडोद्यात सक्ती राज्यभर होती. हे दोन फलक शेजारी लाव, वेगळं काही सांगावं लागणार नाही. कोल्हापूरचा शाहू महाराजांचा 1917 चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा एका ओळीत भागेल.

ग्रंथालयांचा फलक तू वगळला होतास. तो घाल. शाळा सोडल्यावर हाताशी पुस्तक नसलं तर चौथी शिकलेलं मूलही अक्षर विसरतं, म्हणून महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावलं. गावाने वर्गणी काढली की तेवढीच रक्कम पंचायत आणि तेवढीच सरकार घाली. पैशाचे असे तीन समान वाटे रेखाटून दाखवता येतील.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात उरक, पण अंतर दाखव. घटनेच्या कलम 45 ने 14 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली होती, म्हणजे 1960. हक्क म्हणून कलम 21 क आलं 2002 च्या दुरुस्तीने, कायदा झाला 2009 मध्ये आणि अंमल सुरू झाला 1 एप्रिल 2010 ला, तोही 6 ते 14 वयासाठी.

पुराव्यासाठी मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय, दोन्हीकडे जा. राज्याच्या छापील वार्षिक अहवालांत विसाव्या शतकातलं वर्ष 31 जुलैला संपतं. इंग्रजी मुलखातलं 31 मार्चला. "1906-07" चे दोन अहवाल समोर ठेवलेस तर ते एकाच बारा महिन्यांचे नाहीत. जुन्या कागदावर विक्रम संवत असेल तर आपल्याकडे वर्ष कार्तिकात सुरू होतं: कार्तिकापासून डिसेंबरअखेर 57 वजा कर, जानेवारीपासून 56. संवत 1956 म्हणजे 1899 ची दिवाळी ते 1900 ची दिवाळी. रकमेपुढे नाणं कोणतं तेही बघ, 1900 च्या सुमारापर्यंत बडोद्याचा स्वतःचा बाबाशाही रुपया चालत होता आणि त्याचं मोल इंग्रजी रुपयापेक्षा कमी होतं. मोडीतला कागद अंदाजाने वाचू नकोस, जाणकाराकडून अक्षर लावून घे आणि मूळ ओळीचा फोटो रकान्याला जोड.

एका फलकावर साठ-सत्तर शब्दांपेक्षा जास्त नको, उभ्याने तेवढंच वाचून होतं. छपाईला द्यायच्या आधी मला फलक पाठवू नकोस, तो सात रकान्यांचा कागद पाठव. अमरेलीची ओळ सगळ्यात आधी भर.

आशीर्वादांसह.