'हाय' लोकांचा देश आर्मेनिया कसा?

प्रश्न असा आहे : आर्मेनियातले लोक स्वतःला 'हाय' म्हणवतात असं वाचलं. मग 'आर्मेनिया' आलं कुठून? त्यात आपला 'आर्य' दडलाय का?

'आर्य'चं आधी उरकतो. त्याच्याशी खरं नातं सांगणारं नाव 'इराण'. 'आर्मेनिया'तल्या 'आर'वरून आर्य शोधायला नुसत्या ध्वनिसाम्यापलीकडे आधार नाही.

हे नाव पक्कं सापडतं ते इराणात, बेहिस्तूनच्या कड्यावर. इ.स.पूर्व ५२०च्या सुमारास इराणी सम्राट पहिल्या दारयवहुने (डेरियसने) तिथे तीन भाषांत लेख कोरवला. जुन्या फारसीत जिथे 'अर्मिन' आहे, तिथेच बाबिलोनी मजकुरात 'उरश्तु' आहे. उरश्तु म्हणजे उरार्तु, आजच्या पूर्व तुर्कस्तानातल्या वान सरोवराकाठचं जुनं राज्य. त्याच्या अर्गिश्ती राजाने इ.स.पूर्व ७८२मध्ये एरेबुनी किल्ला बांधला; आजच्या येरेवानचं नाव त्यावरूनच आलं. म्हणजे एकाच मुलखाला एकाच खडकावर दोन नावं, आणि दोन्ही परक्यांनी वापरलेली. गंमत म्हणजे उरार्तुची राजभाषा आर्मेनियनची आई नव्हेच, तिचं कूळच वेगळं. माती तीच, माणसंही बरीचशी तीच राहिली असणार. भाषा मात्र दुसरी टिकली.

आता 'हाय'. याचा उच्चार आपण कळवळून म्हणतो त्या 'हाय'सारखाच. देश 'हायास्तान', त्यातला 'स्तान' इराणी भाषांतून आलेला, म्हणजे आपल्या 'स्थाना'चा सख्खा भाऊ. मोव्सेस खोरेनात्सी या जुन्या आर्मेनियन इतिहासकाराच्या ग्रंथातली कथा सांगते की बायबलातल्या महापुराच्या गोष्टीतल्या नोआचा वंशज हाइक याने जुलमी बेलला बाणाने मारलं आणि त्याच्यावरून लोक 'हाय' झाले. त्याच्याच कुळातल्या अरामवरून परके 'आर्मेनिया' म्हणू लागले, हेही त्याच कथेत. दोन्ही नावांची सोय लागली! पण हे आधी नाव, मग नावासाठी पूर्वज असं काम दिसतं.

अभ्यासकांचे मुख्य तर्क दोन. एक, हित्ती (आजच्या तुर्कस्तानातलं एक प्राचीन राज्य) लेखांत येणारा हायासा नावाचा मुलूख. ऐकायला छान, पण हित्ती 'ह' आणि आर्मेनियन 'ह' यांचा मेळ सरळ बसत नाही. दुसरा, 'पति' म्हणजे स्वामी, याच्याच मुळातून 'हाय'. हे ओढूनताणून वाटेल, पण आर्मेनियनमध्ये मूळ 'प'चा 'ह' होतो : पितृ तिथे 'हायर', पंच तिथे 'हिंग'. आपल्या शेजारीही हे घडलंय. तमिळमध्ये दूध 'पाल', कन्नडमध्ये 'हालु'. आणि 'हायर'मध्ये मधला 'त' गळालाय, तसाच 'पति'तलाही गळू शकतो. मला हा तर्क जास्त पटतो, तरी तो तर्कच.

संस्कृतशी नातं दाखवणारे आणखी काही आर्मेनियन शब्द पाहा : 'कोव' म्हणजे गाय, 'दुस्त्र' म्हणजे दुहिता, 'तास्न' म्हणजे दहा. शिवाय 'हजार' चक्क 'हजार'च. पण तो, आपल्यासारखाच, इराणी भाषेतून घेतलेला. अशा उसन्या शब्दांची इतकी गर्दी आहे की आर्मेनियन ही इराणी शाखेचीच भाषा, असं पूर्वी मानत. १८७५मध्ये ह्युब्शमान या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने उसने शब्द बाजूला काढून दाखवलं की ही इंडो-युरोपीय कुळातली (संस्कृत, ग्रीकही त्यातच) स्वतंत्र शाखा आहे. आर्मेनियन म्हणजे फ्रिजियातून (आजच्या तुर्कस्तानातल्या एका जुन्या प्रदेशातून) आलेले वसाहतकरी, हे जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचं म्हणणंही आता फारसं टिकत नाही.

परक्यांनी ठेवलेल्या नावांबद्दल आर्मेनियनांनाही तक्रारीला जागा नाही. ग्रीक स्वतःला 'एलिनेस' म्हणवतात. आर्मेनियन त्यांना म्हणतात 'हुइन' आणि ग्रीसला 'हुनास्तान'. हा 'हुइन' म्हणजे आयोनियावरून (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा जुना ग्रीक प्रदेश) निघालेला शब्द, आपल्या 'यवना'चाच भाऊबंद. आणि आपला देश त्यांच्या तोंडी 'हन्दकास्तान'.